डावा रकाना

"आकडा लिहायच्या आधी भिंतीला हात लावायचा, शुभदाबाई. हात काय म्हणतो ते डाव्या रकान्यात, यंत्र काय म्हणतं ते उजव्या रकान्यात. आणि दोघांचं पटलं नाही, तर मला हाक मारायची."

तासगावकर सरांना जाऊन पावणेदोन वर्षं होत आली होती. हाक मारावी असं आता कुणी उरलं नव्हतं. तरी त्यांची प्रयोगशाळा सहायक शुभदा नेर्लेकर रोज सकाळी सात वाजता, अंघोळ आणि पूजा आटोपून, घड्याळमनोऱ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीला डावा तळवा टेकायची आणि डोळे मिटून उभी राहायची. फिरायला आलेली मंडळी म्हणायची, बाई भिंतीला नमस्कार करते. त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

करंजगड विद्यापीठाचा घड्याळमनोरा गावाच्या कुठल्याही टोकाहून दिसतो. काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, शंभरावर पावसाळे खाल्लेला. त्याच्या पायथ्याला पूर्वेच्या बाजूनं एक फार जुना दगड बसवलेला आहे. वर चंद्रसूर्य, खाली वासराला पाजणारी गाय. इथली जमीन दान दिलेली आहे, ती कुणी कुणाकडून हिरावून घेऊ नये, असा त्या दगडाचा अर्थ. मनोरा बांधणाऱ्या गवंड्यांनी तो फेकून न देता भिंतीत घेतला, हे त्यांचं पुण्य. त्या गाईसमोरच्या पायरीवर शुभदा रोज तेहतीस गोपद्मं काढायची. गाईच्या खुरांची इवली इवली जोडपावलं. बाकीच्या बायका चातुर्मासापुरती काढतात आणि कार्तिकात उद्यापन करून मोकळ्या होतात. शुभदाचे यजमान गेले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तिचा नेम बारमाही होता. आणि पावलं पिठाची, तांदळाच्या पिठाची. सासूबाईंनी बजावलं होतं की दगडाच्या भुकटीनं देवाचं अंगण सजतं, पण कुणाचं पोट भरत नाही. पावलं मुंगीच्या तोंडी पडली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची पुसट पावलं ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते पाणी तिथंच भिंतीच्या बुडाशी ओतायची. देवाचं पाणी पायदळी जायला नको म्हणून.

ह्या भिंतीला सगळं राज्य 'आदर्श भिंत' म्हणायचं. ते का, हे सांगायला तासगावकर सरांपासून सुरुवात करावी लागेल.

सरांना ह्याच मनोऱ्याच्या चुन्यात एक जिवाणू सापडला होता. भिंतीला केसाएवढी चीर गेली, तिच्यात ओल शिरली की झोपलेला हा जीव जागा व्हायचा, मिळेल ते खायचा, आणि त्याच्या अंगातून जे बाहेर पडायचं त्याचा पांढरा दगड होऊन चीर बुजायची. माणसाच्या जखमेवर खपली धरावी तशी. सरांनी तो वाढवला, चुन्यात कालवला आणि त्या चुन्याला नाव दिलं जिता चुना. जुन्या घरांना ह्या चुन्याचा गिलावा दिला की ती पाडावी लागत नसत. नवी इमारत उभारायची तर सिमेंट भाजताना आभाळात जो धूर जातो, तो जायचा वाचला. दहा वर्षांत सरकारनं कायदाच केला, आणि शहरातल्या घराघरांवर जिता चुना चढला.

मग प्रश्न आला की कुठली भिंत किती जिती, हे ओळखायचं कसं. सरांनी मातीच्या पणतीएवढं एक मापक बनवलं. ते भिंतीत बसवायचं. आतली सुई रोज पहाटे केसाएवढी चीर पाडते आणि ती किती वेळात बुजली ते पाहते. नुसते तास सांगून लोकांना कळेना, म्हणून तुलनेला एक भिंत ठरवली. मनोऱ्याची पूर्वेची भिंत म्हणजे शंभर. बाकी सगळ्या भिंती तिच्या मानानं. ह्या आकड्याला प्राणांक म्हणू लागले. राज्यातलं प्रत्येक मापक रोज पहाटे ह्या भिंतीशी आपला मेळ घालून घ्यायचं.

इथवर सगळं सरांचं होतं. पुढचं डॉ. ऋत्विज सरंजामे यांचं.

सरंजामे विद्यापीठाच्या गृहबाजार संशोधन केंद्राचे संचालक. घरांच्या किमती का चढतात, का उतरतात, कुठल्या पेठेत भाडं वाढणार, हा त्यांचा अभ्यास. हुशार माणूस, गोड बोलणारा. त्यांनी प्राणांक बाजाराला जोडला. ऐंशीच्या वर असलेलं घर सोन्याच्या भावानं जाऊ लागलं. चाळिसाच्या खाली आलं की 'रुग्ण वास्तू' असा शिक्का. मग त्यावर कर्ज नाही, विमा नाही, आणि जागा मोक्याची असेल तर पाडायला कुणीतरी तयारच. पूर्वी लोक स्थळ बघताना पत्रिका विचारायचे. आता मुलीचे वडील आधी घराचा प्राणांक विचारत.

मनोऱ्याच्या मागं शिपाई, माळी, प्रयोगशाळेचे मदतनीस अशांची चाळीस बैठी घरं होती. दगडाची, चुन्याची, दारात तुळस असलेली. सगळे त्या वस्तीला चुनेगल्ली म्हणत. शुभदा तिथंच राहायची. अडीच वर्षांपूर्वी चुनेगल्लीचा प्राणांक अडतीस निघाला आणि तिथं पाहुण्यांसाठी उंच हरित निवास बांधायचा प्रस्ताव सरंजाम्यांनी बैठकीत ठेवला.

तासगावकर सर उठून उभे राहिले. ते म्हणाले, मी ह्या भिंतींना हात लावलाय, घड्याळ लावून चिरा मोजल्यात. ही घरं धडधाकट आहेत, ह्यांचा अंक साठाच्या पुढे असायला हवा. तुमच्या आदर्श भिंतीतच काहीतरी बिघडलंय. ती जरुरीपेक्षा जास्त जिती आहे, तिच्या शेजारी कुणीही उभं केलं तरी ते रोगीच दिसणार. शुभदा मागं वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. सरांनी त्यातली एक मागितली. सरंजाम्यांनी ती मधल्यामध्ये घेतली, चाळली, आणि हसले.

"सर, तुमचा हात म्हातारा झालाय. त्याला आता विश्रांती द्या."

सगळी बैठक हसली. मग त्यांनी वही शुभदाकडे न बघता मागं धरली. "मावशी, हा गठ्ठा रद्दीत घाला. उगाच जागा अडते."

आठवड्याभरात सरांवर आकडे बनवल्याचा ठपका आला. सरांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते रोज एकच गोष्ट शोधत राहिले, की ती भिंत कशावर जगते. एकदा मनोऱ्यापाशी ते शुभदाला म्हणाले, "हिला खायला कोण घालतंय, शुभदाबाई?" तिचा हात पिठाचा होता. पदराला पुसत ती म्हणाली होती, "काय की, सर."

पौषात त्यांनी अंथरूण धरलं. शुभदा भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की त्या वह्या एक दिवस मनोऱ्याखाली उभं राहून मोठ्यानं वाचा. "दोन्ही रकाने वाचायचे. सोयीचा तेवढाच वाचला, तर तो सरंजाम्यांचा धंदा झाला." तिनं वचन दिलं. तिसऱ्या दिवशी सर गेले.

त्या दिवसापासून शुभदा बत्तीस पावलं देवासाठी काढू लागली आणि तेहतिसावं सरंजाम्यांच्या नावानं. बाहेरून त्यात काही फरक दिसत नसे. तिचा आवाज पूर्वीइतकाच हळू होता, जप तेवढाच होता, कपाळावरचं गंध तेवढंच बारीक. पण तेहतिसावं पाऊल काढताना ती मनात म्हणायची, त्या माणसाला एकदा चारचौघांत ह्या भिंतीला हात लावू दे, आणि भिंतीनं त्याच्या तळहातावर थुंकू दे. देवापुढं असलं मागू नये हे तिला कळत होतं. ती मागत राहिली.

ह्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला चुनेगल्लीच्या दारादारावर नोटिसा लागल्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घरं रिकामी करायची. पौर्णिमेला सकाळी मनोऱ्याखाली केंद्राच्या दशकपूर्तीचा सोहळा, परदेशचे पाहुणे, आणि लगेच हरित निवासाची कुदळ.

शेजारची हौसाबाई विद्यापीठाच्या बागेत माळीण होती. नोटीस वाचता येत नव्हती म्हणून तिनं ती शुभदाकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, रुग्ण म्हणत्यात व्हय माझ्या घराला, मग ह्यांनी माझ्या गुडघ्यांचाबी आकडा काढावा. तिची तीन बाळंतपणं त्या घरात झाली होती.

दोन दिवसांनी सकाळी शुभदा पावलं काढत होती आणि हौसाबाई पायरीलगतचा पाचोळा झाडत होती. झाडता झाडता ती थांबली.

"बाई, येक इचारू का? माझ्या दारात तू सणासुदीला पावलं काढतीस, तर पाच मिन्टांत मुंग्यांची ही रांग लागती. हितं अकरा वर्सं बघतीया. येक मुंगी फिरकत न्हाई. अन् दुसऱ्या दिशी सकाळी पीठ निम्मं गायब. मग खातंय कोण?"

"वारा नेत असेल."

"वारा ओलं पीठ नेतोय व्हय? आन् तू ते पानी भितीला पाजतीस, तेबी वाराच पितोय?"

शुभदाच्या चिमटीतलं पीठ तसंच राहिलं.

घरी येऊन तिनं पेटीतून वह्या काढल्या. रद्दीत घालायला सांगितलेल्या सगळ्या, आणि त्यानंतरच्या तिच्या स्वतःच्या. उजव्या रकान्यात आठ वर्षं एकच आकडा होता: शंभर, शंभर, शंभर. आदर्श भिंत म्हणजेच शंभर. ती मेली असती तरी यंत्रानं शंभरच दाखवलं असतं. स्वतःचा खोटेपणा कळायची सोय त्या यंत्रात ठेवलेलीच नव्हती. ती डावा रकाना वाचत गेली. 'गार. गुळगुळीत. दमट.' 'साबुदाणा भिजल्यासारखी.' 'गार.' पानामागून पानं हेच होतं. आणि मग गेल्या वर्षीचा श्रावण आला.

त्या श्रावणात तिला डेंगी झाला होता. एकोणीस दिवस ती अंथरुणावर होती. पावलं राहिली म्हणून ती रडली होती, पण नोंद चुकू नये म्हणून तिनं हौसाबाईला गळ घातली होती की रोज भिंतीला हात लाव आणि मला येऊन सांग. हौसाबाईनं सांगितलं होतं तसं तिनं तापातल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं.

'चौथा दिवस. कोरडी पडाय लागलीया.'

'नववा दिवस. खरबरीत, माझ्या जावेच्या बोलण्यागत.'

'पंधरावा दिवस. हाताला पांढरं लागतंय. आजारी हाय ही. तुझ्यापेक्षा जास्त.'

तापातून उठल्यावर शुभदानं पुन्हा पावलं काढायला घेतली होती, आणि आठवड्याभरात रकान्यात पुन्हा 'गार' आलं होतं.

तिनं वही मिटली नाही. त्याच श्रावणातलं दुसरं काहीतरी तिला आठवत होतं. राज्यभर एकाएकी घरांचे प्राणांक चढले होते. रुग्ण ठरलेली घरं रुग्ण राहिली नव्हती, बाजार उसळला होता, आणि बरोबर एकोणीस दिवसांनी सगळं खाली बसलं होतं. त्यावर सरंजाम्यांनी 'श्रावण-उसळी' नावाचा प्रबंध लिहिला होता. सणासुदीची मनःस्थिती, हवेतली आर्द्रता, खरेदीदारांचा उत्साह, असे आलेख होते त्यात. त्याला मोठा पुरस्कार मिळाला होता आणि तो आता तीन विद्यापीठांत शिकवला जात होता. एका माळणीच्या शेजारणीला ताप आला होता, एवढंच त्या उसळीचं कारण होतं.

शुभदा प्रयोगशाळेत वाढलेली बाई. नुसत्या वहीवर तिचा विश्वास बसेना. तिनं कोठारातून जित्या चुन्याचे दोन तुकडे आणले, दोन्हीवर सुईनं चीर पाडली. एकाला साधं पाणी दिलं, दुसऱ्याला पावलं पुसलेल्या फडक्याचं. साधं पाणी दिलेल्या तुकड्याची चीर बुजायला सव्वीस तास लागले. पिठाच्या तुकड्याची नऊ तासांत बुजली.

आधी तिला हसूच आलं. देवघरासमोर बसून ती तोंडाला पदर लावून हसली. पावणेदोन वर्षं ती मागत होती ते देवानं तिच्या हातात दिलं होतं. सरंजाम्यांचा प्राणांक, त्यांचा पुरस्कार, त्यांचा बाजार, सगळं तिच्या चिमटीतल्या पिठावर उभं होतं.

मग तिनं त्या हाताकडे पाहिलं आणि हसू गेलं.

चुनेगल्ली रुग्ण ठरली ती ह्या पिठानं. सर खोटे ठरले ते ह्या पिठानं. हिला खायला कोण घालतंय, असं त्यांनी तिलाच विचारलं होतं. आणि राज्यात अशी किती घरं असतील, ज्यांच्या मालकांनी शिक्का बघून मिळेल त्या किमतीला ती सोडली असतील. ती सगळी तिच्या भक्तीनं आजारी पडली होती. त्या दिवशी तिनं जेवण घेतलं नाही. उपास नव्हता कसलाच.

त्याच आठवड्यात सरंजाम्यांनी तिला बोलावणं पाठवलं. त्यांच्या दालनाच्या काचेतून मनोरा चौकटीत बसवल्यासारखा दिसायचा. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले की परदेशच्या पाहुण्यांना तुमची ती पावलं फार आवडतात, पत्रिकेवरसुद्धा छापलीत. तेव्हा सोहळ्यापर्यंत एक दिवसही चुकवू नका. नीट ठसठशीत काढा.

"काढीन," शुभदा म्हणाली.

"आणि मावशी, त्या वह्या? गेल्या ना रद्दीत?"

"तुम्ही सांगितलं त्याच दिवशी मी उचलून नेल्या."

ते समाधानानं हसले. शुभदानं कप खाली ठेवला. एक संधी द्यायची, असं तिनं येतानाच ठरवलं होतं. शत्रूला एकदा तरी विचारावं, एवढं तिच्या पोथीनं तिला शिकवलं होतं.

"साहेब, एकदा तुम्ही स्वतः भिंतीला हात लावून बघाल? आज. आत्ता."

"कशासाठी?"

"सर लावायचे."

"म्हणूनच त्यांचं तसं झालं." ते उठले, म्हणजे भेट संपली. दाराशी त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "लावतो की, मावशी. पौर्णिमेला. फोटोसाठी लावावाच लागणार आहे."

जिना उतरताना ती मनात पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजत होती. तेवीस होते.

बाजारातून तिनं शिरगोळ्याच्या पांढऱ्या रांगोळीची पुडी आणली. दगडाची भुकटी ती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवसापासून पहाटे घरी, देवासमोरच्या पाटावर, ती तांदळाच्या पिठाची तेहतीस पावलं काढी, म्हणजे नेम मोडला नाही. ती पुसलेलं पाणी तुळशीला जाई. मग मनोऱ्यापाशी जाऊन दगडाच्या भुकटीची तेहतीस पावलं काढी. ठसठशीत, रेखीव, पत्रिकेवर छापण्यासारखी. सरंजामे सकाळच्या फेरीत तिथून जाताना मान डोलावत. भिंतीसमोर रोज ताट वाढलेलं होतं आणि ताटात दगड होते.

डावा रकाना भरत गेला. 'तिसरा दिवस. गार, पण कमी.' 'आठवा दिवस. कोरडी.' बाराव्या दिवशी तिच्या तळव्याला पहिल्यांदा पांढरं लागलं. तिनं ते पुसलं नाही, तसंच पानावर उमटवलं. भिंतीची तिला दया येत नव्हती असं नाही. त्या दिवशी तिनं गाईच्या दगडाला हात लावून माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटीच नेली.

आणि उजव्या रकान्याबाहेर, जगात, प्राणांक चढू लागले. गावोगावची मापकं दुबळ्या होत चाललेल्या भिंतीशी मेळ घालत होती आणि सगळी घरं बरी होत होती. खरं तर ती आधीपासूनच बरी होती. सरंजाम्यांना पुन्हा उसळी दिसली. त्यांनी पत्रकारांना बोलावून तिचं नाव ठेवलं 'कार्तिक-उसळी', श्रावणातला आपला सिद्धांत खरा ठरला म्हणून सांगितलं, आणि जाहीर केलं की पौर्णिमेला आपण आदर्श भिंतीवर हात ठेवून ह्या आकड्यांची ग्वाही देऊ. चुनेगल्लीचा अंक एकसष्टावर गेला होता. तो मात्र नोटिशीच्या दिवशीचाच धरायचा, असा त्यांच्या कार्यालयाचा नियम होता.

शुभदा ह्या बातम्या कात्रणं काढून वहीत चिकटवायची. जपाची माळ ओढावी तशी सावकाश, नीट.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी हौसाबाई तिच्या ओट्यावर येऊन बसली. शुभदानं तिला सगळं सांगितलं होतं, पिठासकट. हौसाबाईनं पान लावलं, पण तोंडात घातलं नाही.

"उद्या वाचनार?"

"वाचणार."

"मग येक कर. भिंत आजारी पडली म्हण, साहेबाला कळलं न्हाई म्हण. श्रावणाचं सांग, कार्तिकाचं सांग. पर पिठाचं सांगू नगंस." तिनं शुभदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "घरं गेलेली मान्सं लय हायती, बाई. साहेब मोटारीत बसून जाईल. तू चालत येनार हायस. दगड तुझ्या दारात पडतील."

शुभदानं कात्रणांची वही मिटून मांडीवर ठेवली.

"म्या कुनाला सांगायची न्हाई. मुंगीलाबी न्हाई."

"तुझं चूक नाही, हौसा."

"मग?"

"सरांना वचन दिलंय, दोन्ही रकाने म्हणून. पीठ माझ्या बाजूचं आहे."

हौसाबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पान तोंडात घातलं आणि म्हणाली की मग उद्या मी पुढच्या रांगेत बसते, सायबाचा हात पांढरा झालेला मला जवळनं बघायचाय. आन् तुझ्यावर कुनी हात उगारला तर खुरपं माझ्या कमरेला असतंच.

पौर्णिमेच्या सकाळी शुभदानं डोक्यावरून अंघोळ केली. पाटावर तांदळाच्या पिठाची बत्तीस पावलं काढली. तेहतिसाव्याला हात थांबला. बावीस दिवस, त्याआधीची पावणेदोन वर्षं, ते पाऊल त्या माणसाचं होतं. आजही त्याचा तळहात तिच्या डोळ्यांसमोर होता, कॅमेऱ्यांसमोर भिंतीवरून उचललेला, पिठूळ, आणि त्यावर काय बोलावं ते न सुचलेला. तिला ते हवं होतं. अजूनही तितकंच हवं होतं. देवापुढं तिनं ते नाकारलं नाही. पण पाऊल तिनं स्वतःच्या नावानं काढलं.

मग आजच्या तारखेचं पान उघडलं. भिंतीला हात लावायचा अजून बाकी होता, म्हणून दोन्ही रकाने कोरे सोडले. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, जिथं सरांच्या अक्षरात 'आदर्श भिंत, पूर्व बाजू' असं लिहिलं होतं, त्याखाली तिनं आपल्या बारीक अक्षरात भर घातली: 'भिंतीचं अन्न: तांदळाचं पीठ, रोज. घालणारी: शुभदा नेर्लेकर, प्रयोगशाळा सहायक, राहणार चुनेगल्ली.' शाई वाळेपर्यंत ती बसून राहिली.

मनोऱ्याकडून ध्वनिक्षेपकाची चाचणी ऐकू येत होती. कुणीतरी सनई लावली होती. चुनेगल्लीत दारोदार सामानाची गाठोडी बांधून ठेवलेली होती, आणि कुणाच्या तरी ओट्यावर एक तुळस कुंडीत हलवून ठेवली होती.

शुभदानं वह्या पिठाच्या डब्यावरच्या स्वच्छ फडक्यात बांधल्या. दिवा इतक्यात शांत व्हायला नको, म्हणून त्यात थोडं तेल घातलं. दार नुसतं लोटून घेतलं, कुलूप लावलं नाही. गाठोडं उजव्या काखेत घेतलं, डावा हात मोकळा ठेवला, आणि ती मनोऱ्याच्या दिशेनं चालू लागली.